फेरी एकच, बातम्या दोन

1 नोव्हेंबर आला की आमच्या ग्रुपवर ठरलेलंच. सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून इथली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाची फेरी एका पेपरात 'हजारोंचा एल्गार', दुसऱ्यात 'मूठभरांचा धिंगाणा', फेरी एकच ओ! आणि आमची मंडळी दोन्ही कात्रणं टाकून रात्रभर भांडणार, पण फेरी कुठनं निघाली, परवानगी होती का, आकडा कुणी सांगितला, पोलिसांनी की फेरी काढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं, हे कोण बघतंय? चौकटीत नाव घालून छापलेलं मतसुद्धा बातमी म्हणून फॉरवर्ड. वर 'महाजनांचं भूत' असं हेडिंग वाचून एकजण विचारतोय, कोण सावकार काय? अरे सीमावादावर नेमलेला 1966 चा महाजन आयोग तो, सीमाभागात राहतोस ना लेका! आणि 'लवकरच निकाल' लिहिणाऱ्याला तारीख विचारा की, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा आहे.