अंगठा तपासला, माप कोण तपासणार?

‘रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, बोगस कार्डं गेली, काळाबाजार संपला. आता ओरडतात ते चोरच!’ हा मजकूर बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल.

काळाबाजार संपला? रेशनमधलं पाप बरंचसं मापातलं. कायद्याने माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला 25. दुकानदार अंगठा घेतो, मशीनवर 25 नोंदवतो आणि पिशवीत 23 ओततो. अंगठा खरा, कार्ड खरं, पावतीही खरी. उरलेले 2 किलो मशीनला दिसतच नाहीत. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी झारखंडात हेच तपासलं. नुसत्या अंगठ्याने गळती घटली नव्हती. उलट आधार न जोडलेल्या घरांचं धान्य कमी झालं. हे तिघे काही यंत्राचे वैरी नव्हेत. आंध्रात रोजगार हमीच्या मजुरीला बोटांच्या ठशांवर चालणारं स्मार्टकार्ड आलं, तेव्हा पैसे लवकर मिळतात आणि गळतीही घटते, हे त्यांनीच दाखवलं. मात्र तिथे कार्ड नाही म्हणून मजुरी अडवली जात नव्हती.

बोगस कार्डं? झारखंडातच रद्द झालेल्या कार्डांची पडताळणी झाली, तेव्हा त्यातली बहुतेक खऱ्या कुटुंबांची निघाली. कार्ड रद्द झालं की ते ‘बोगस’ धरायचं आणि त्याचं धान्य ‘बचती’त मांडायचं, असा हा हिशेब.

आणि ओरडणारे चोर? माती-सिमेंटात राबून बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हातारपणी तर विचारूच नका. अशांना धान्य नाकारू नका, असं केंद्राने 2017 मध्ये राज्यांना कळवलं आहे. दुकानात मात्र उत्तर ठरलेलं: ‘सर्व्हर डाऊन, उद्या या.’ त्या ‘उद्या’पायी बुडते ती दिवसाची मजुरी.

मग संगणक नकोच का? छत्तीसगडने 2004 मध्ये दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, बचत गट, सहकारी संस्थांकडे दिली आणि 2007 च्या सुमारास गोदामापासून दुकानापर्यंतचा हिशेब संगणकावर आणला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्या अंदाजानुसार 2004-05 मध्ये निम्म्याच्या आसपास असलेली गळती 2009-10 मध्ये 10 टक्क्यांवर आली. रेशनला तेव्हा आधार नव्हतंच. तिथे पाळत धान्यावर होती, खाणाऱ्यावर नव्हे.

मशीनचा एक खरा फायदा त्या मजकुरात आलाच नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे बीडहून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेल्या कुटुंबाला आपला वाटा तिथल्या दुकानातून घेता येतो. फक्त त्या दुकानातला तराजूही मशीनला जोडलेला हवा.