कौशल्य विषय घेतला म्हणून कुठलंच दार बंद होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'पालकांनो, वेळीच जागे व्हा' असा एक लांबलचक मेसेज येऊन पडला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सीबीएसईच्या शाळांत नववीपासून कौशल्य विषय, म्हणजे एखाद्या व्यवसायाचं काम शिकवणारा विषय, घेतला की सायन्सची वाट बंद, इंजिनिअरिंगला प्रवेश नाही. हे विषय अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी. सुशिक्षित मराठी घरांतल्या मुलांना कामगार करून टाकायचा हा डाव. मुलींना तर यात काहीच भवितव्य नाही. आणि सगळं करून हातात पडतात महिन्याला आठ हजार.

असले मेसेज मी एरवी सोडून देते. पण हा वाचून माझी ताई तडक शाळेत गेली आणि भाचीचा 'इलेक्ट्रॉनिक्स अँड हार्डवेअर' हा विषय काढून टाकण्याचा अर्ज देऊन आली. पोरीनं तो विषय स्वतःच्या हौसेनं निवडला होता. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळते. मला यावर गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते 'वाट बंद' प्रकरण, कारण पालक घाबरतात ते त्यालाच. हे साफ खोटं आहे. दहावीला दोन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र हे पाच विषय असतातच. कौशल्य विषय घेतला तर तो सहावा, जास्तीचा. त्यासाठी विज्ञान सोडावं लागत नाही की गणित. उलट गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांपैकी एका विषयात मूल नापास झालं आणि कौशल्य विषयात पास असलं, तर निकालात नापास विषयाच्या जागी कौशल्य विषय धरला जातो. अकरावीला गणित घ्यायचं असेल तर गणितात पास व्हावंच लागेल, पण ते तर कौशल्य विषय न घेणाऱ्यालाही चुकलेलं नाही.

राहता राहिलं इंजिनिअरिंग. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानं तरी जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची माहितीपुस्तिका उघडून बघितली असती! बी.ई., बी.टेक.च्या पात्रतेत बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे आहेत. तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा टेक्निकल व्होकेशनल, यांपैकी कुठलाही चालतो. म्हणजे ज्या परीक्षेची भीती घालताय, तिच्याच नियमांत तांत्रिक कौशल्याचा विषय केमिस्ट्रीच्या रांगेत बसवलेला आहे. आयआयटीला केमिस्ट्री लागते, हे खरं. मग घ्या केमिस्ट्री. पाचवा विषय म्हणून कौशल्याचा विषय त्याच्या सोबत घेता येतो.

आता मेसेजमधलं ते वाक्य, ज्यानं माझं डोकं सर्वांत जास्त फिरलं: 'हातात पाना-पक्कड धरणं हे आपल्या माणसांचं काम नाही.' हे वाक्य बडोद्यात, बडोद्याच्या मराठी घरांत फिरतंय? सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन सुरू केलं, ते कशासाठी? राज्यातल्या मुलांना रंगकाम, कापडावरची छपाई, यंत्रकाम, बांधकाम शिकवायला. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके, ज्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो, ते या कलाभवनात शिकले. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांनी एलेंबिक कंपनी उभी केली, आणि तीतून या शहराचा औषधनिर्मितीचा उद्योग वाढला. कोटीभास्कर आपलेच ना? इथल्या ज्या सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो, ती फॅकल्टी याच कलाभवनातून वाढलेली आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

कारखान्यात मी रोज बघते. ट्रान्सफॉर्मरची एचव्ही, म्हणजे उच्च दाबाची, कॉइल गुंडाळताना तारेचा वेढा कमी-जास्त झाला, की वेढ्यांचं प्रमाण तपासणाऱ्या रेशो टेस्टला माल अडकतो. कॉइल उलगडायची, कागद नवा, तार नवी, आठवडा वाया. तिथे ज्याच्या हाताला सवय आहे आणि ज्याला आपण काय करतोय ते कळतंय, तोच माणूस लागतो. डिग्री घेऊन आलेली हुशार मुलं पहिले काही महिने मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, जोडताना चाचरतात, कारण बारावीपर्यंत त्यांच्या हाती पेनाशिवाय काही आलंच नाही. दोष त्यांचा नाही.

'अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी' यावर फार बोलायची गरज नाही. नववी-दहावीच्या या विषयांत ५० गुण लेखी, ५० प्रात्यक्षिकाचे, आणि यादीत आर्टिफिशियल इंटेलिजन्सही आहे. मुलींबद्दल तर एवढंच सांगते की आमच्याकडे वाइंडिंगला, म्हणजे कॉइल गुंडाळायला, बहुतेक बायकाच आहेत आणि त्यांचं काम सर्वांत कमी वेळा परत येतं.

पगाराच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. शिकाऊ उमेदवारांसाठी २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं, आणि बऱ्याच जागी त्या किमानाच्या वर कोणी जातच नाही. ते चूक आहे आणि मी आमच्या मालकांनाही तसं सांगितलंय. पण ते शिकाऊ काळाचं, जन्मभराचं नव्हे. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं, आणि डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. आपल्याकडे सी टू डी (सर्टिफिकेट टू डिप्लोमा), डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) म्हणतात ते हेच. शिवाय नववीत सहावा विषय घेणं म्हणजे आयटीआयला जाणंही नव्हे. मेसेजवाल्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून ठेवल्यात.

खरी तक्रार करायची तर दुसरी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सरकारनं स्वतः कबूल केलंय की अकरावी-बारावीला व्यावसायिक विषय घेतलेल्या मुलांना पुढच्या शिक्षणाची नीट वाट नव्हती, आणि १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी होते. कित्येक शाळांत आजही कौशल्य विषयाला वेगळी खोली नाही, सोल्डरिंग आयर्न नाही, शिक्षक कंत्राटी, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला वहीत आकृत्या काढून घेतात. त्या ५० गुणांचं काम कुठे होतं, हे पालकसभेत कोणी विचारलंय? ताईला मी अर्ज मागे घ्यायला सांगितलंय, आणि सोमवारी आम्ही दोघी ती लॅब बघायला जाणार आहोत. लॅब नसेल तर तक्रारीचा अर्ज मीच लिहीन, मुख्याध्यापकांच्या नावानं.