एलव्हीएम-3 रॉकेटचे मधले इंजिन ‘बंद पडले’ नव्हते

चांद्रयान-3 च्या 14 जुलै 2023 रोजीच्या उड्डाणाची एक चित्रफीत नाशिकमध्ये, विशेषतः सिडको आणि सातपूर भागातील व्हॉट्सॲप ग्रुपवर, ‘मधले इंजिन पेटलेच नाही, बिघाड दडपला’ अशा मजकुरासह फिरत आहे. चित्रफितीत दिसते ते खरे आहे. काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

चांद्रयान-3 ला घेऊन जाणारे एलव्हीएम-3 हे सुमारे 640 टनांचे रॉकेट जमिनीवरून उचलण्याचे काम बाजूच्या दोन एस-200 बूस्टरचे (जोडरॉकेटांचे) असून, त्या प्रत्येकात सुमारे 200 टन घन इंधन असते. त्यामुळे सुरुवातीला पांढऱ्या धुराचे दोन जाड लोट दोन्ही बाजूंनाच दिसतात व मधला भाग काळा राहतो. त्या मधल्या भागातील, म्हणजे एल-110 टप्प्यातील, ‘विकास’ नावाची दोन इंजिने उड्डाणानंतर पावणेदोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळाने, बूस्टर अजून जळत असतानाच, आकाशात पेटतात. रिकामे बूस्टर त्यानंतर गळून पडतात. व्हायरल चित्रफीत मधली इंजिने पेटण्याआधीच कापलेली आहे.

यान ठरलेल्या कक्षेत पोहोचून 23 ऑगस्टला चंद्रावर उतरले, ही नोंदही उघड उपलब्ध आहे.