गिरण्या बोलण्यानं बुडाल्या नाहीत

मुंबईच्या 1982 च्या गिरणी संपाचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. युनियननं मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, अडीच लाख माणसं देशोधडीला लागली. तेव्हापासून उद्योग महाराष्ट्राला घाबरतो. संघटना, करार, मालक-कामगार-सरकार अशा त्रिपक्षीय बैठका ही पक्क्या पगारवाल्यांची चैन आहे, हमालाला नि मजुराला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा मालक आणि कामगारांनी आपसात काय ते बघावं, मधे तिसरा नको. ज्यांचे आजोबा लालबाग-परळच्या गिरणीत होते अशी माणसंही हे पुढे ढकलतात, म्हणून एकेक विधान तपासून पाहू.

युनियननं गिरण्या बुडवल्या, हे पहिलं. त्यावर साधा प्रश्न: कोणत्या युनियननं?

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नावानं ओळखला जातो. पण गिरण्यांमधली कायद्यानं मान्य असलेली युनियन त्यांची नव्हतीच. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, इंटकची, म्हणजे काँग्रेसच्या गोटातली. आणि ती संपाच्या विरोधात होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 असं सांगत होता की एका भागातल्या एका उद्योगाची प्रातिनिधिक संघटना एकच. चौथा हिस्सा कामगार तिचे सभासद असले की पुरे. मग उरलेल्या तीन हिश्श्यांच्या वतीनंही बोलायचा हक्क तिचाच. कामगारांना ती हवी आहे का, हे गुप्त मतदानानं विचारायची सोय कायद्यात नव्हती. सभासद नोंदणीच्या वह्या खऱ्या किती नि खोट्या किती, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालायची.

आता 1981 च्या दिवाळीची स्थिती पाहा. बोनसवरून असंतोष होता, बदली कामगार, म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणारे, वर्षानुवर्षं बदलीच राहिले होते, आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत सामंतांनी मिळवून दिलेली पगारवाढ गिरणगावात घरोघरी ऐकू येत होती. कामगार स्वतः चालत जाऊन सामंतांच्या दारात उभे राहिले. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करा ही होती, आणि हा 1946 चा कायदाच रद्द करा हीसुद्धा होती. मालकांचं उत्तर सरळ होतं: आमचा व्यवहार मान्यताप्राप्त संघटनेशी, सामंतांशी बोलायला आम्ही कायद्यानं बांधलेले नाही. आणि कायद्यानं पाहिलं तर ते बरोबर होतं! ज्याच्या मागे अडीच लाख माणसं उभी, त्याला खुर्ची नाही. ज्याला खुर्ची, त्याच्या मागे माणसं नाहीत. त्यात संप सुरू झाला त्याच आठवड्यात राज्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होत होते. बोलणी करणार कोण आणि कुणाशी?

सामंतांचाही दोष होताच. त्यांनी माघारीची वाट ठेवली नाही. साठहून अधिक गिरण्यांत एकाच वेळी बेमुदत संप करायचा तर मधला टप्पा आखावा लागतो, तो आखलेला दिसत नाही. संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही, आणि लाखाहून अधिक कामगार पुन्हा गिरणीत कामावर गेले नाहीत. इतकं सोसूनही 1984 च्या डिसेंबरात, काँग्रेसच्या लाटेत, दक्षिण मध्य मुंबईनं सामंतांना लोकसभेत पाठवलं. गिरणगावाचं मत पहिल्यांदा कुणी मोजलं ते असं, मतपेटीतून; गिरणीच्या गेटवर ते कधी मोजलंच नव्हतं.

बरं, संप झालाच नसता तर गिरण्या टिकल्या असत्या का? अहमदाबादकडे बघा. तिथली गिरणी कामगारांची संघटना, मजूर महाजन, हा गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या 1918 च्या लढ्यातून उभा राहिला. लवादावर विश्वास, संपाला शेवटची जागा, असा त्याचा स्वभाव. तिथे सामंत नव्हते आणि 1982 सारखा संपही नव्हता. तरी ऐंशीच्या दशकात अहमदाबादच्या गिरण्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. रोग जुना होता. 1956 च्या सुमारास सरकारनं गिरण्यांच्या मागांची संख्या वाढू द्यायची नाही असं धोरण धरलं, म्हणून कापडाची वाढती मागणी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेली. मालकांनी नफा नव्या यंत्रांत घालायचा तो दुसऱ्या धंद्यांत घातला. आजारी गिरण्या चालवायला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ 1968 मध्येच काढावं लागलं आणि 1974 मध्ये देशभरातल्या 103 गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. हे सगळं संपाच्या आधीचं. संपाच्या काळात तर यंत्रमागावरचं कापड गिरणीचा शिक्का घेऊन बाजारात येत होतं. मालकाला संप मिटवायची घाई का असावी?

आणि जमीन. संपानंतर बऱ्याच गिरण्या कमी माणसांवर पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्यांना कायमचं टाळं लागलं ते पुढच्या वीस वर्षांत, मध्य मुंबईतल्या सुमारे सहाशे एकरांना सोन्याचा भाव आल्यावर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला अशी वाटणी होती. 2001 मध्ये दुरुस्ती करून ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. सगळा दोष सामंतांवर टाकणाऱ्या मजकुरात हे कुठेच नसतं.

दुसरं विधान, उद्योग पळाले. इथे फार वेळ घालवायची गरज नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिकच्या मोठ्या कारखान्यांत दर तीन वर्षांनी वेतन करार होतात, त्यासाठी महिनोन्‌महिने घासाघीस होते, आणि करार झाला की पेढे वाटले जातात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या त्या जर्मनीतून. त्या देशाच्या 1976 च्या कायद्यानुसार दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या असतात. कामगाराशी बोललं की उद्योग मरतो, हे या कंपन्यांच्या मायदेशात कुणाला खरं वाटणार नाही.

तिसरं विधान मला सगळ्यात खटकतं: हमालाला याचा उपयोग नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचा, कायदा माहीत नसावा, आणि तो महाराष्ट्रानं देशाला दिलेला आहे.

साठच्या दशकापर्यंत मशीद बंदरच्या गोदामात किंवा पुण्याच्या भुसार बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्याला मालकच नव्हता. आज या गाळ्याचा ट्रक, उद्या त्या गाळ्याचा. हमाली मुकादमाच्या हातात, आणि मुकादम स्वतःचं काढून मग वाटणार. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी ही माणसं बांधली, आणि 1969 मध्ये कायदा झाला. त्याची युक्ती सोपी आहे. व्यापाऱ्यानं मजुरी टोळीला हातात न देता मंडळात भरायची, वर लेव्हीची ठरावीक टक्केवारी भरायची. मंडळ हमालाला पगार देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, उपदान. मंडळावर व्यापारी, हमाल आणि सरकार असे तिघे बसतात, दर तिथेच ठरतात. कायम मालक नसलेल्या माणसाला मालकाची जबाबदारी मिळवून देणारी ही रचना तीन पक्षांच्या बोलण्यातूनच उभी राहिली. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आलं तेही हमालांच्या रेट्यानं. कुणा व्यापाऱ्याला एक दिवस दया आली म्हणून नव्हे.

माथाडीच्या नावानं खंडणी चालते, ही तक्रार खोटी नाही. औद्योगिक पट्ट्यात बोगस संघटना गेटवर येतात, माल यंत्रानं उतरवला तरी वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, मागतात. त्यांच्यावर गुन्हेच दाखल व्हायला हवेत. पण खंडणीखोराकडे मंडळाची नोंदणी नसते, लेव्हीची पावती नसते. तो मंडळ जिथे ढिलं आहे तिथेच शिरतो. इलाज करायचा तर मंडळ घट्ट करावं.

ऊसतोडीत हीच गोष्ट अर्धवट राहिली. तिथे साखर संघ आणि मजूर संघटनांत दराचा करार होतो, लवाद नेमले जातात, जानेवारी 2024 मध्ये अशाच बोलण्यातून 34 टक्के वाढ ठरली. पण टेबलावर कोण बसतं? कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, बायकोच्या घामाचा वेगळा हिशेब नाही, पाळी किंवा बाळंतपणात खाडा झाला की दंड. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे हे चव्हाट्यावर आलं. दराच्या बोलण्यांत तोडणारी बाई कधी बसलीच नव्हती. टनाचा भाव ठरत राहिला, खाड्याचा प्रश्न कुणी मांडला नाही.

राहिलं शेवटचं विधान, मधे तिसरा नको. तिसरा, म्हणजे सरकार, तसंही स्वतःहून अंग काढून घेतं आहे. केंद्र, मालक आणि कामगार संघटना यांची भारतीय श्रम परिषद जुलै 2015 नंतर भरलेली नाही. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता तिच्यापुढे न येताच संसदेत मंजूर झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगार पाठीशी असलेल्या संघटनेलाच एकमेव वाटाघाटीचा हक्क आहे, आणि तेवढं कुणाकडेच नसेल तर किमान वीस टक्के कामगार पाठीशी असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटीची परिषद. 1982 मध्ये हे असतं तर सामंतांना खुर्ची मिळाली असती, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

पण घरपोच जेवण आणणारा पोरगा या संहितेच्या लेखी कामगारच नाही. त्याच्यासाठी सामाजिक सुरक्षेच्या संहितेत कंपनीनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असं आहे; दर काय असावा, ॲपवरचा त्याचा आयडी का बंद केला, यावर बोलायला जागा नाही. मालकाशी आपसात काय ते बघ, असं त्याला सांगणाऱ्यांनी आधी त्याच्या ॲपमध्ये मालकाचा नंबर शोधून दाखवावा. राजस्थाननं 2023 मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. त्यात कंपन्या, कामगार आणि सरकार यांचं मंडळ आहे, प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून शुल्क आहे. रचना आपल्या 1969 च्या कायद्याचीच आहे.