‘कोड चालला की पूर्ण गुण’ या म्हणण्याला उत्तर

पदवीच्या स्तरावर सॉफ्टवेअर अभियांत्रिकी (मोठे प्रोग्रॅम नीट आखून, तपासून आणि पुढे बदलता येतील असे बांधण्याची विद्या) शिकवण्याविरुद्धचा एक मजकूर सध्या विद्यार्थ्यांमध्ये आणि नोकरीत स्थिरावलेल्या अभियंत्यांमध्येही मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: हा विषय वर्गात शिकवता येत नाही, तो नोकरीतच शिकायचा असतो, अभ्यासक्रमात या नावाखाली जुनाट प्रक्रिया आणि आकृत्या पाठ करून घेतल्या जातात, प्रोग्रॅम चालला की पूर्ण गुण मिळायला हवेत, कारण चालणारा कोड हाच एकमेव प्रामाणिक पुरावा असतो, गटप्रकल्पात एक जण राबतो आणि गुण सगळे घेतात, आणि आता कोड यंत्रच लिहून देते म्हटल्यावर हा विषय अभ्यासक्रमातून काढून टाकावा. मी हा विषय शिकवतो आणि त्याचे मूल्यमापनही करतो. या मजकुरातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

जुनाटपणाच्या आरोपातला खरा भाग आधी मान्य करतो. ‘धबधबा प्रतिमानाचे फायदे व तोटे लिहा’ या प्रश्नाने कोणाचीही समज तपासली जात नाही. (धबधबा प्रतिमान म्हणजे गरजा, आराखडा, कोड, चाचणी असे टप्पे मागे न वळता एकामागून एक पूर्ण करण्याची पद्धत.) गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की, ज्या १९७० च्या निबंधाला या प्रतिमानाचे मूळ मानले जाते, त्यात संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी ‘धबधबा’ हा शब्द वापरलेला नाही, आणि एकाच फेरीत वरून खाली उतरत जाणारी ती पद्धत धोक्याची असल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. तो निबंध वर्गात वाचून घेतला तर विद्यार्थ्यांना बरेच शिकता येईल. दोष प्रश्नपत्रिकेचा आहे. त्याची शिक्षा विषयाला देण्याचे कारण नाही.

‘नोकरीतच शिकता येते’ हे विधान ऐकायला व्यवहारी वाटते, पण या विषयाचा जन्मच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने जी परिषद भरवली, तिच्यामुळे ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ झाले. तिथे जमलेल्यांत प्रत्यक्ष मोठ्या प्रणाली बांधणारे अनेक जण होते, आणि केवळ काम करत राहिल्याने ते काम सुधारत नाही, ही त्यांची अडचण होती. अनुभव आपोआप शिकवत नाही. थेरॅक २५ या किरणोपचार यंत्राचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिल्याची नोंद आहे, आणि त्यांतले काही दगावले. सॉफ्टवेअरमधल्या ज्या चुका त्याला कारणीभूत होत्या, त्यांतली एक आधीच्या थेरॅक २० या यंत्रातही होती; पण त्या यंत्रात स्वतंत्र विद्युत-यांत्रिक सुरक्षा असल्यामुळे ती कोणाला इजा न करता लपून राहिली. पुढे शिकागो विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नवे विद्यार्थी थेरॅक २० वापरू लागले की त्याचे फ्यूज उडतात. सराईत हात ठरलेल्या क्रमाने माहिती भरत, तर नवशिके कशाही क्रमाने भरत, आणि तेव्हा ती चूक उघडी पडे. वर्षानुवर्षांच्या वापराने जे दाखवले नाही, ते शिकणाऱ्यांच्या हातून दिसले, आणि तेही कोणीतरी ‘असे का होते’ हे विचारले म्हणून. तो प्रश्न विचारण्याची सवय लावणे हेच वर्गाचे काम आहे. शिवाय एकच समस्या दोन वेगवेगळ्या रचनांनी सोडवून त्यांची तुलना करण्याची मुभा नोकरीत फारशी कोणाला मिळत नाही. वर्गात ती देता येते.

आता या मजकुराच्या गाभ्याकडे, म्हणजे ‘चालणारा कोड हाच पुरावा’ या म्हणण्याकडे वळतो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम उदाहरण म्हणून घेतला: काही ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून तिची सर्व रूपे तयार करायची आणि ती अकारविल्हे लावून छापायची. हा प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे विभागून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या टप्प्यांनुसार मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र भाग, पाडले होते. दुसऱ्यात, पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकला होता. दोन्हींचे उत्तर तेच येते. मात्र ओळी मेमरीत साठवण्याची पद्धत बदलायची ठरली, तर पहिल्या रचनेत प्रत्येक मॉड्यूलला हात लावावा लागतो आणि दुसऱ्या रचनेत फक्त एकाला. केवळ आउटपुट पाहून गुण देणारा परीक्षक या दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण देईल, आणि हा विषय ज्या गोष्टीसाठी आहे ती त्याच्या नजरेतून पूर्णपणे निसटेल. हे उदाहरण एका तासिकेत शिकवून होते, हेही ‘वर्गात शिकवता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

‘चालणे’ हा शब्दही नेहमी कुठल्या तरी परिस्थितीपुरताच खरा असतो. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे ३७ सेकंदांनी, मार्ग सोडून नष्ट झाले. त्यातला दोषी ठरलेला भाग एरियान ४ वर व्यवस्थित चाललेला होता. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या, म्हणजे बऱ्याच लहान जागेच्या, पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, कारण नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि ज्या गृहीतकावर तो कोड उभा होता ते नव्या उड्डाणमार्गासाठी कोणी पुन्हा तपासले नव्हते. म्हणून गृहीतके लिहून ठेवणे, ती चाचण्यांमध्ये उतरवणे आणि दुसऱ्याचा कोड घेताना ती शोधून काढणे यांना गुण असायला हवेत. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी पद्धत साधी आहे: सत्राच्या मध्यावर गटांनी आपापला प्रकल्प दुसऱ्या गटाला द्यायचा आणि त्यात एक नवी गरज भागवायची. ज्या गटाचा कोड पुढच्या गटाला समजतो आणि थोडक्या जागी बदलून भागतो, त्या मूळ गटाला त्याचे गुण मिळतात. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याची वेळ पहिल्यांदा आली की विद्यार्थ्यांच्या कोडमधल्या टिपा, नावे आणि चाचण्या दोन आठवड्यांत सुधारू लागतात. हा बदल व्याख्यानाने होत नाही.

गटप्रकल्पातल्या अन्यायाची तक्रार मी गांभीर्याने घेतो. एकटा जागरण करतो आणि नावे पाचांची लागतात, हे घडते आणि ते सहन करू नये. पण हा अन्याय साऱ्या गटाला एकच आकडा देण्यातून येतो. गट मोडून टाकला तर समन्वय शिकवायचीच सोय राहत नाही: तिघांत बोलण्याच्या तीन जोड्या असतात, सहांत पंधरा. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे लावली की तो आणखी लांबतो, असे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहिले, त्यामागे याच वाढत्या जोड्यांचा भार आणि नव्या माणसांना तयार करण्यात जाणारा वेळ आहे. उपाय वैयक्तिक मूल्यमापनात आहे. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातला इतिहास कोणी काय आणि केव्हा केले ते दाखवतो, मात्र कमिटांची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, संख्या मोजून गुण दिले की विद्यार्थी एकेका ओळीचे कमिट करू लागतात, म्हणून तो इतिहास शिक्षकाने वाचावा लागतो, नुसता मोजून चालत नाही. सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण उपयोगी पडतात, पण त्यांत मैत्री आणि राग दोन्ही उतरतात, तेव्हा ते अंतिम मानू नयेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या सहकाऱ्याने लिहिलेल्या भागावर प्रश्न विचारणे मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण जो गटात वावरलाच नाही त्याला तिथे उत्तर देता येत नाही.

राहिला यंत्राने लिहिलेल्या कोडचा मुद्दा. तो मांडणाऱ्यांनी आपलाच आधीचा मुद्दा खोडला आहे. यंत्र चालणारा कोड लिहून देत असेल, तर चालणारा कोड हा विद्यार्थ्याबद्दलचा पुरावाच उरत नाही. मग गुण कशाला द्यायचे याचे उत्तर आउटपुटच्या बाहेरच शोधावे लागते. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये असे मांडले की प्रोग्रॅम म्हणजे मूलतः तो बनवणाऱ्यांच्या मनातली समज. कोड आणि कागदपत्रे ती पूर्णपणे वाहून नेऊ शकत नाहीत, आणि ती समज असलेली माणसे पांगली की प्रोग्रॅम बदलण्याची क्षमता संपते. यंत्राने दिलेल्या कोडबाबत ती समज सुरुवातीपासूनच कोणाच्या मनात नसण्याचा धोका आहे. म्हणजे काय बांधायचे ते ठरवणे, दिलेले तपासणे आणि ते का तसे आहे हे सांगता येणे, या कौशल्यांची गरज वाढलेली आहे.

म्हणून परीक्षेत मी विद्यार्थ्यासमोर त्याच्याच प्रकल्पाचा कोड ठेवतो, एक छोटी नवी गरज सांगतो आणि विचारतो की कोणत्या फायली बदलाव्या लागतील, कोणती चाचणी आधी मोडेल आणि का. मग तो बदल त्याने तिथेच करून दाखवायचा. मूळ ओळी कोणी लिहिल्या याची चौकशी मी करत नाही. याला वेळ लागतो: साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी वीस मिनिटे म्हणजे वीस तास. फायदे-तोट्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात आज जो वेळ जातो, तो आधी इकडे वळवावा, आणि तरीही कमी पडला तर विभागाने या विषयासाठी दुसरा परीक्षक द्यावा, अशी माझी मागणी आहे.