‘जिवंत पेशी पचत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पचनाबद्दलचा एक मेसेज बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आतडं प्रथिनांचंच बनलेलं आहे, तरी पाचक रस ते पचवत नाहीत, कारण जिवंत पेशीला त्या रसांतली एन्झाइम (अन्नाचे रेणू तोडणारी प्रथिनं) शिवतच नाहीत. शिवाय वर श्लेष्माचं, म्हणजे बुळबुळीत चिकट थराचं, अभेद्य चिलखत असतं. पण उपाशी राहिलात तर हेच रस आतडं खायला लागतात. आता पहिलं वाक्य खरं असेल तर शेवटचं आपोआप खोटं ठरतं, पण मेसेज पुढे ढकलताना एवढा विचार कोण करतो! असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘जिवंत पेशीला एन्झाइम शिवत नाहीत.’

ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमधले शल्यविशारद जॉन हंटर यांनी मृतदेहांमध्ये जठराची भिंतच पचलेली पाहिली आणि जिवंतपणी ती जीवनशक्तीमुळे वाचते, असं १७७२ मध्ये मांडलं. पुढच्या शतकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी जिवंत बेडकाचा पाय कुत्र्याच्या जठरात सोडला, तर तो पचू लागला. तिथल्या आम्लाने पेशी आधीच मेल्या असतील, असं म्हणता येईल. पण आतड्यातच याहून सरळ पुरावा आहे. साखर पचवणारं सुक्रेज-आयसोमाल्टेज हे प्रथिन आतड्याच्या पेशीपटलात रोवलेलं असतं. ते पृष्ठभागावर येतं अखंड, आणि स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम त्याचे दोन भाग करतं. दोन्ही भाग एकमेकांना धरून राहतात आणि काम चालू ठेवतात. पेशी जिवंत, तरी तिच्या अंगावरचं प्रथिन कापलं गेलं.

‘आतडं प्रथिनांचंच आहे.’

सगळा घोळ इथे आहे. पेशीत प्रथिनं भरपूर असतात, पण तिला बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवणारं पटल मूलतः मेदरेणूंच्या दुहेरी थराचं असतं. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही एन्झाइम प्रथिनातले पेप्टाइड बंध तोडतात. मेदाच्या थरात तो बंधच नाही, तर तोडणार काय? पेशी वाढवणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे दिसतं. बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशींवर ट्रिप्सिनचं द्रावण ओततात. काही मिनिटांत चपट्या पेशी गोल होतात आणि सुटून तरंगू लागतात, कारण त्यांना तळाशी बांधणारी प्रथिनं कापली गेलेली असतात. पेशी मात्र फुटत नाहीत. नव्या बशीत सोडल्या की पुन्हा चिकटतात, वाढतात. फार वेळ ठेवल्या तर त्यांना इजा होते, म्हणून वेळेवर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) घालून ट्रिप्सिन थांबवतात.

मग मेद पचवणाऱ्या एन्झाइमचं काय? हा खरा अवघड प्रश्न, आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. फॉस्फोलायपेज ए-२ पटलातले काही मेदरेणू तोडू शकतं. पण आतड्याच्या पोकळीकडे तोंड असलेल्या पटलात कोलेस्टेरॉल आणि साखर जोडलेले स्फिंगोलिपिड नावाचे मेदरेणू भरपूर असतात, आणि या दोन्हींवर त्या एन्झाइमचं काही चालत नाही. असं पटल घट्ट असतं, त्यामुळे साबणासारख्या वागणाऱ्या पित्तक्षारांनाही ते दाद देत नाही.

‘श्लेष्माचं अभेद्य चिलखत.’

अभेद्य असतं तर आपण उपाशी मेलो असतो. लहान आतड्यातला श्लेष्म सैल असतो, अन्नाचे रेणू त्यातून जायलाच हवेत. पचनाची शेवटची पायरीही पेशीच्या पृष्ठभागावरच होते. गंमत म्हणजे ट्रिप्सिनला जागं करणारं एन्टेरोकायनेज त्याच पृष्ठभागावर बसलेलं असतं! स्वादुपिंड ट्रिप्सिनोजेन हे निष्क्रिय रूप पाठवतं आणि एन्टेरोकायनेज त्याचा छोटा तुकडा कापून ते चालू करतं. हे स्वादुपिंडातच अवेळी घडलं तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं.

श्लेष्माचा उपयोग नाही असं नाही. त्यातल्या आणि पटलावरच्या प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या इतक्या दाट जोडलेल्या असतात की एन्झाइमला कापायची जागाच सहसा सापडत नाही. तरीही झीज होतेच. म्हणून आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं: तळाशी पेशी जन्मतात, सरकत वर जातात आणि टोकाशी गळून पडतात.

‘उपाशी राहिलं की रस आतडं खातात.’

स्वादुपिंडाचा रस मुख्यतः अन्न आतड्यात उतरल्यावर, हॉर्मोनच्या इशाऱ्याने सुटतो. उपाशीपोटी तो थोडाच असतो. दीर्घ उपासमारीत अस्तर पातळ होतं हे खरं, पण पोषण न मिळाल्याने नव्या पेशी कमी बनतात म्हणून. एन्झाइम खरोखर आत शिरतात ते आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर. तेव्हा अस्तर मरतं, दुरुस्ती थांबते. जेवण चुकल्याने तसं होत नाही.