'जो' दिसला की 'हू' टाका? एवढ्यावर भागत नाही

कोल्हापुरातल्या दहावी-बारावीच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज पाच मिनिटांत! मराठीत जो-जी-जे दिसलं की इंग्रजीत हू किंवा विच टाका. आधी स्वल्पविराम द्यायचाच. अडलं तर दॅट टाका, ते कुठंही चालतं. आणि हू-विच-दॅट कधीही गाळू नका.' अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज म्हणजे नामाबद्दल सांगणारं, विशेषणाचं काम करणारं उपवाक्य. मेसेजमध्ये चार सूचना आहेत आणि चारही मार्क घालवणाऱ्या आहेत.

'जो-जी-जे दिसलं की हू-विच'

बोलताना आपण जो-जी-जे वापरतो तरी किती? 'रंकाळ्यावर भेळ विकणारा माणूस', 'काल आणलेला गूळ', 'आम्ही राहतो ती गल्ली'. यांत 'जो' कुठंच नाही. तरी इंग्रजीत तिन्ही ठिकाणी क्लॉज येतो: 'द मॅन हू सेल्स भेळ', 'द जॅगरी दॅट वी बॉट यस्टरडे', 'द लेन व्हेअर वी लिव्ह'. म्हणजे नजर ठेवायची ती '-णारा' आणि '-लेला'वर. उलट 'जे मिळेल ते खा' यात 'जे' आहे, पण इंग्रजीत 'ईट व्हॉटएव्हर यू गेट' होतं आणि तो नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारं उपवाक्य ठरतो, कारण विशेषण लावायला समोर नामच नाही.

'जो' आला की मागोमाग 'तो' येतो, ही आपली सवय इंग्रजीतही शिरते. 'द बॉय हू लिव्ह्ज इन शाहूपुरी, ही इज माय फ्रेंड' यातला 'ही' खोडायचा. 'द बुक विच आय बॉट इट' मधला 'इट'ही खोडायचा. ते काम हू आणि विच यांनी आधीच केलेलं असतं.

शिवाय जागा. इंग्रजी क्लॉज नामानंतर आणि शक्यतो त्याला चिकटून बसतो. 'आय बॉट अ चप्पल फ्रॉम अ शॉप दॅट हॅड अ ब्रोकन स्ट्रॅप' असं लिहिलं की चपलेऐवजी दुकानाचा पट्टा तुटतो.

'आधी स्वल्पविराम द्यायचाच'

ही सूचना सगळ्यात महागात पडणारी. समजा, एका चप्पल व्यापाऱ्यानं 20 जोड पाठवले, त्यातले 6 वाटेत भिजले. गिऱ्हाइकाचा मेल आला: 'द चप्पल्स दॅट गॉट वेट आर बीइंग रिटर्न्ड'. म्हणजे 6 जोड परत येणार. तेच 'द चप्पल्स, विच गॉट वेट, आर बीइंग रिटर्न्ड' असं आलं, तर सगळेच भिजले आणि 20 जोड परत.

कसोटी सोपी आहे. क्लॉज झाकून वाक्य वाचायचं. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते तरीही कळत असेल, तर क्लॉज ही जादा माहिती; तिला स्वल्पविराम हवेत. कळत नसेल तर एकही नको. विशेषनाम असेल तर ते बहुतेक वेळा आपोआप कळतंच: 'शिवाजी युनिव्हर्सिटी, विच वॉज फाउंडेड इन 1962, इज इन कोल्हापूर'. क्लॉज वाक्याच्या मध्ये असला की स्वल्पविराम दोन लागतात. पोरं पहिला देतात आणि दुसरा हमखास विसरतात.

'दॅट कुठंही चालतं'

स्वल्पविरामानंतरच्या जादा माहितीत चालत नाही. तिथं माणसाला हू, वस्तूला विच. प्रिपोझिशननंतर, म्हणजे इन-ऑनसारख्या शब्दानंतरही चालत नाही: 'द हाउस इन दॅट ही लिव्ह्ज' चूक, 'इन विच ही लिव्ह्ज' बरोबर. 'इन' शेवटी ढकललं, तर मात्र 'द हाउस दॅट ही लिव्ह्ज इन' चालतं. 'ज्याचा-जिचा' असेल तिथं हूज हवं, आणि ते निर्जीव वस्तूंनाही लागतं: 'अ वाडा हूज रूफ लीक्स'.

'विच'ला सरसकट चूक ठरवणारेही आहेत, हे जाता जाता. स्वल्पविराम नसलेल्या क्लॉजमध्ये अमेरिकी संपादक दॅट पसंत करतात. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात.

'कधीही गाळू नका'

हू-विच-दॅटच्या पुढं लगेच क्रियापद आलं, तर गाळता येत नाही. 'द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल' यात दोन क्रियापदं एकमेकांवर आदळतात. पुढं नाम किंवा सर्वनाम आलं, स्वल्पविराम नसला आणि आधी प्रिपोझिशनही नसलं, तर खुशाल गाळा: 'द मिसळ वी एट वॉज स्पायसी'.

क्रियापद लगेच आलं तरी एक पळवाट उरते. 'द मॅन हू इज सेलिंग भेळ' यातलं 'हू इज' एकत्र काढलं की 'द मॅन सेलिंग भेळ' राहतं. हा आपला 'भेळ विकणारा माणूस'च, फक्त माणूस आधी आणि भेळ नंतर.